दोनशे चाळिसावी हजेरी

३ जून २०२४, सोमवार

नवी नोकरी, नवी रोजनिशी. दोन्ही आजपासून सुरू. पत्ता सांगताना तळवडे आयटी पार्क सांगायचं आणि पोचल्यावर मागच्या गल्लीत पावडर कोटिंगच्या शेडशेजारचा जिना चढायचा. पिंपरीहून निगडी, निगडीला बस बदलून तळवडे. दुसऱ्या बसला बसायला जागा मिळाली, तेव्हाच दिवस चांगला जाणार हे नक्की झालं.

आम्ही अकरा जण आणि दोन एसी, त्यातला एक चालू. मालक येळवंडे सर चाकणकडचे. जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यांनी आधी कारखान्यांना कंत्राटी माणसं पुरवायचा धंदा काढला, आणि मग त्या माणसांची हजेरी ठेवायला ही सॉफ्टवेअर कंपनी. माझा धाकटा भाऊ बुद्धरत्न, घरचा रत्ना, त्यांच्याच कंत्राटावर चाकणला बंपरच्या लाइनवर आहे. मीही डिसेंबरपासून त्यांच्या भोसरीच्या ऑफिसात फोन उचलायचं काम करत होते. त्यामुळे कार्ड तेच राहिलं. माझ्या जुन्या एकशे एक्केचाळीस हजेऱ्या पुढे धरल्या आहेत, असं सरांनी मोठ्या मनाने सांगितलं. कशाबद्दल ते न कळता मी थँक्यू म्हणाले.

शेजारच्या टेबलावर रविराज आहे. तोही नवाच, गेल्या महिन्यात लागलेला. खुर्ची ओढतानासुद्धा परवानगी विचारतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला सीनिअर झाल्यासारखं वाटलं. चहा देणारे सोपानराव तळवडे गावचेच. कुणाची पोर म्हणून त्यांनी चौकशी केली. पप्पा पिंपरीच्या कंपनीत सव्वीस वर्षं प्रेस शॉपला, परमनंट, असं सांगितल्यावर दुसरा कप आपणहून आला.

पप्पा असते तर आज त्यांनी पिंपरी कॅम्पातून तिखट शेव आणली असती. आनंदाची बातमी म्हणजे शेव, पेढ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. २१ फेब्रुवारीला गेले. आई अजून त्यांच्या फोनला रिचार्ज मारते, चार्ज करते आणि कपाटात साड्यांखाली ठेवते. रत्ना आणि मी तिला अडवत नाही.

६ जून, गुरुवार

काम आवडतंय. आमचं सगळं ज्या स्क्रिप्टिंग भाषेत लिहिलंय ती फार लाडावलेली आहे. कुठल्याही व्हेरिएबलमध्ये काहीही ठेवा, हूं की चूं करत नाही. हजेरीच्या जागी नाव टाकलं तरी चालतं, तारखेच्या जागी मोबाइल नंबर टाकला तरी चालतं, आणि महिनाअखेरीला कुणाच्या तरी पगाराचा घोळ होतो. म्हणून वरून एक मॉड्यूल जोडलंय. ते जोडलं की प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार आधी ठरवावा लागतो. यात फक्त आकडा, यात फक्त तारीख. दुसरं काही घालायला गेलं की ते घेतच नाही.

जेवताना आईला हे समजावलं. व्हेरिएबल म्हणजे डबा आणि प्रकार म्हणजे त्याच्यावरची चिठ्ठी. मिठाच्या डब्यात हळद घालायला गेलं तर झाकणच उघडणार नाही. आईने विचारलं की चिठ्ठीच चुकीची लागली तर? मी म्हणाले, मग गेलं कामातून, कारण एकदा लावलेली चिठ्ठी निघत नाही, तीच तर या मॉड्यूलची खुबी आहे. आई मोटारींची सीट कव्हरं शिवते, चुकलेली शिवण उसवणं हा तिच्या कामाचा अर्धा भाग. ती म्हणाली की जे उसवता येत नाही ते शिवूच नये. रत्ना हसला. तेव्हापासून मीही व्हेरिएबलला डबाच म्हणते.

१२ जून, बुधवार

आज खरं काम मिळालं. या मॉड्यूलमध्ये आपल्याला हवा तसा नवा प्रकार वाढवता येतो. सरांना हवाय तो प्रकार म्हणजे 'कंत्राटी'.

आमच्या पट्ट्यात हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. दोनशे चाळीस हजेऱ्या भरल्या की माणूस कायम होण्यावर हक्क सांगू शकतो. म्हणून त्याच्या आधी ब्रेक. पंधरा दिवस घरी बस, मग नवं कार्ड, नवा नंबर आणि पुन्हा पहिला दिवस. रत्नाचे असे दोन ब्रेक झालेत. पण मागच्या वर्षी क्लार्कचं लक्ष नव्हतं आणि तीन माणसं दोनशे एक्केचाळीसवर पोचली. ती आता वकील करून बसली आहेत. सरांना हे परत नकोय. क्लार्क विसरतो, डबा विसरत नाही, असं ते म्हणाले. माझंच उदाहरण त्यांनी माझ्यावर फेकलं, चहाच्या वेळी मी सगळ्यांना ऐकवलं होतं ना.

पप्पा युनियनवाले. गेटवर भाषणं केलेला माणूस. त्यांच्या पोरीला हे काम मिळावं याचं मला हसू आलं, मग राग आला, आणि मग मी लॅपटॉप उघडून कामाला लागले. खोटं कशाला लिहू.

१८ जून, मंगळवार

प्रकार तयार झाला. नवा प्रकार वाढवताना मॉड्यूल तीन प्रश्न विचारतं. डब्यात काय घ्यायचं, काय नाकारायचं, आणि नाकारल्यावर डबा कुठल्या अवस्थेत ठेवायचा. पहिली दोन उत्तरं सोपी. एक ते दोनशे एकोणचाळीस घ्यायचं, दोनशे चाळिसावी हजेरी नाकारायची. तिसऱ्याला मी जरा अडले. फक्त आकडा शून्यावर आणायचा, की माणसाची सगळी नोंदच पहिल्या दिवसाच्या आधी होती तशी करायची? सरांच्या कागदावर एवढंच होतं, 'पूर्ववत करणे'. मी सगळी नोंद पूर्ववत केली. आकड्यापुरतं करायला आणखी चार ओळी लिहाव्या लागल्या असत्या, आणि साडेपाचची बस चुकली असती.

एक गोष्ट मात्र मी गुपचूप घातली. भरपगारी सुट्टी असेल तर ती हजेरीत आपोआप धरली जावी. क्लार्क लोक ती हमखास खातात. पोरांच्या पदरात तेवढं तरी पडावं. पप्पांचं तेवढंच देणं फेडलं असं वाटलं.

तपासायला नोंदी हव्या होत्या. परक्या माणसांच्या नोंदी वापरणं बरं दिसत नाही, आणि कार्ड नंबर मला दोनच पाठ होते, माझा आणि रत्नाचा. दोघांवर चिठ्ठी लावली. एका फटक्यात बसली. सरांनी सगळ्यांना वडापाव मागवले.

१ जुलै, सोमवार

आजपासून चाकणच्या कारखान्याची अख्खी यादी नव्या प्रकारात. अठराशे बावीस माणसं. गेटवरच्या मशीनला चेहरा दाखवला की हजेरी सरळ डब्यात पडते.

मॉड्यूलची मूळ फाइल आज पहिल्यांदा नीट उघडली. सगळ्यात वर लिहिणाऱ्याचं नाव आहे: रविराज, तळवडे, २०२१. शेजाऱ्याला दाखवलं. तो लाजला आणि म्हणाला की नावाचा योगायोग असेल, मी तर आत्ताच लागलोय. चष्म्याच्या काडीला जुनी चिकटपट्टी आहे त्याच्या. खुर्चीवर मात्र पाठीच्या आकाराचा खड्डा पडलाय, आणि तो त्यात बरोब्बर बसतो.

१९ जुलै, शुक्रवार

रत्ना आज घरी आला तो वेगळ्याच तोंडाने. त्याच्या लाइनवर नवनाथ नावाचा बीडकडचा माणूस आहे. काल त्याच्या हजेऱ्या संपल्या आणि ब्रेक मिळाला. यात नवल नाही. पण आज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन गेटवर हजर. काम आहे का, असं विचारत होता. रत्नाने हाक मारली तर ओळख नाही. सात-आठ महिने एका डब्यातली भाकरी खाल्लेली माणसं. वर म्हणाला, भाऊ, तुम्ही इथं जुने दिसता, जरा शब्द टाका ना.

मार्चमध्ये प्रेसखाली नवनाथची दोन बोटं गेली होती. रत्नाने त्याच्या हाताकडे पाहिलं तसं त्यानेही पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला, आणि मग हात खिशात घातला.

२१ जुलै, रविवार

रत्नाबरोबर नवनाथच्या खोलीवर जाऊन आले. चाकणच्या पुढे, पत्र्याची खोली. त्याची बायको स्वरूपा दारातच बसली होती. एप्रिलमध्ये तिला मुलगी झाली. ही कुणाची, असं त्याने तिला विचारलं. चिडून नाही, शेजाऱ्याचं मूल घरात दिसावं तसं सहज. तो घरी आला तेव्हा त्याच्या लेखी ती अजून तीन महिन्यांची गरोदर होती.

मी त्याला तारीख विचारली. जुलै म्हणाला, बरोबर. आधी कुठे होता म्हटलं, तर गावी. गावाहून कधी आला म्हटलं, तर परवा. मग दिवाळी, उन्हाळा, मुलीचा जन्म? तिथे त्याची नजर घसरते. ओल्या फरशीवरून पाय घसरावा तशी, आणि तो पुन्हा हसून विचारतो, ताई, कंपनीत काम लागेल का?

पहिल्या दिवसाच्या आधी होता तसा. ही माझी ओळ आहे. त्या खोलीत मी पाणीही प्यायले नाही.

२३ जुलै, मंगळवार

दिवसभर प्रकार बदलायचा प्रयत्न केला. तिसरं उत्तर बदललं, घेत नाही. मर्यादा वाढवली, घेत नाही. अख्खा प्रकार काढून टाकायला गेले. उत्तर एकच, या डब्याचा प्रकार ठरलेला आहे.

फाइल शेवटपर्यंत वाचली. हे आधी करायला हवं होतं. अगदी तळाशी, कामाच्या ओळींखाली, रविराजने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली आहे. 'तिसऱ्या प्रश्नात फक्त आकडा मागे न्यावा. माणसाची अख्खी नोंद नेऊ नये. खात्री नाही. उद्या स्वतःच्या नोंदीवर तपासतो.'

त्यानंतर काही नाही.

रत्नाची हजेरी आज दोनशे तेवीस. माझी एकशे पंच्याऐंशी. ती चिठ्ठी मी लावली. माझ्या हाताने, माझ्या भावावर, बस चुकू नये म्हणून.

२४ जुलै, बुधवार

सोपानरावांना जिन्यात गाठलं आणि रविराजबद्दल विचारलं. ते आधी नाहीच म्हणाले. मग कपबशा खाली ठेवल्या आणि सांगितलं, "ह्या पोराला म्या चारदा नवा आल्याला पायलाय. दर बारीला माजं नाव इचारतो. आपुन गप ऱ्हायचं बाय, आपली बी रोजीरोटी हाय." लग्न ठरलं होतं त्याचं, म्हणाले. मुलगी दोनदा इथवर आली होती. तिसऱ्यांदा आली नाही.

वर येऊन बसले. रविराजने विचारलं, मॅडम, हे मॉड्यूल कुणी लिहिलंय, फार सुंदर लिहिलंय.

३ ऑगस्ट, शनिवार

उपाय सोपा आहे. रत्नाने कामावर जायचंच नाही. गेटवर चेहरा नाही, तर हजेरी नाही, आणि आकडा आहे तिथेच राहील. आज दोनशे तेहेतीस.

तो ऐकत नाही. सुपरवायझरने सांगितलंय की यंदा परमनंटच्या यादीत त्याचं नाव आहे, फक्त एकही खाडा नको. पप्पांना त्याने दवाखान्यात हातात हात घेऊन शब्द दिला होता की कायम होऊन दाखवीन. नेमका आत्ता घरी बसू का, असं तो ओरडला. नवनाथला डोक्याला मार लागला असेल म्हणाला. मला म्हणाला की तुला ऑफिसात खुर्ची मिळाली म्हणून माझी लाइन तुला खुपते.

एवढं टोचून कधी बोलला नव्हता. मी त्याच्या थोबाडीत मारली. आईने दोघांनाही जेवायला वाढलं नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

दोनशे एकोणचाळीस. पाया पडले त्याच्या. मोठी बहीण असून पडले. सोमवारी गेटवरून फोन करतो म्हणाला, परमनंट झालो की.

१२ ऑगस्ट, सोमवार

मी त्याच्या आधी चाकणला पोचले, गेटवर उभी राहिले. तो बसमधून उतरला, मला पाहिलं आणि दुसऱ्या गेटने गेला.

फोन आला नाही. दुपारी तो सरळ घरी आला. आई कामावरून जेवायला आलेली, मीही परतले होते. हातात कॅम्पातल्या दुकानाचा पुडा. तिखट शेव. खुशीत होता. चाकणला उद्यापासून नवं काम बघतोय म्हणाला. चपला काढता काढता विचारलं, पप्पा कुठे गेलेत?

भिंतीवर हार घातलेला फोटो आहे. त्याने तिकडे पाहिलं. नजर घसरली. पुन्हा पाहिलं.

आईने सांगितलं. मला जमलं नाही, तिने सांगितलं. फेब्रुवारीत गेले, बाळा. त्याच्या तोंडाकडे आई बघत होती आणि मी आईच्या. सहा महिन्यांत ती जेवढी सावरली होती, ते सगळं त्या एका मिनिटात गेलं.

तो रडला नाही लगेच. आधी त्याने विचारलं, अग्नी कुणी दिला?

तू, म्हटलं. तूच दिलास रत्ना.

नाही म्हणाला. मी नव्हतो. मी असतो तर मला आठवलं असतं.

१३ ऑगस्ट

ज्या शब्दासाठी तो गेला, तो शब्दच त्याला आता आठवत नाही. शेवेचा पुडा तसाच पडून आहे. मला स्वतःची घृणा वाटते.

१७ ऑगस्ट, शनिवार

सरांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणजे त्यांना माहीत होतं. म्हणाले की महिनाभरात एक तक्रार नाही, एक वकील नाही. बोट गेल्याचं भांडण नाही. माणसं हसत येतात आणि नव्या उमेदीने कामाला लागतात. ब्रेक मिळाला की आधी शिव्या देत जायची. मग नुकसान कुणाचं झालं ते सांग. आणखी दोन कारखान्यांनी विचारणा केली आहे, तेवढं बघ.

मी नवनाथच्या मुलीचं बोलले. ते म्हणाले, होईल ओळख हळूहळू.

मी नोकरी सोडत नाही. सोडली तर मॉड्यूलला हात लावता येणार नाही. अठराशे माणसं आहेत त्यात.

५ सप्टेंबर

माझी हजेरी दोनशे तेवीस. सगळं करून पाहिलं. दुसरा प्रकार, प्रकाराच्या आत प्रकार. मॉड्यूलच उपटून काढलं तर प्रोग्राम चालूच होत नाही. रविराजला टीप वाचून दाखवली. स्वतःचीच. त्याने अक्षर न् अक्षर लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, हुशार दिसतो माणूस, तपासून काय निघालं पुढे?

२३ सप्टेंबर, सोमवार

दोनशे अडतीस. आज राजीनामा दिला. हरले. कुणालाच सोडवता आलं नाही, आता स्वतःपुरतं. उद्यापासून जाणार नाही. चेहरा नाही, हजेरी नाही. सरांनी कागद ठेवून घेतला आणि म्हणाले, नियमाप्रमाणे तीस दिवसांचा नोटीस पिरियड, तोवर नाव यादीत राहील.

राहू दे. मी घरी बसेन.

२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी फोनवर मेसेज. हजेरी नोंदली: २३९.

मी घरी आहे. मी भाजी निवडत होते.

गांधी जयंती. भरपगारी सुट्टी. आपोआप धरली जावी — माझीच ओळ. पप्पांचं देणं —

४ ऑक्टोबर

१२ तारखेला दसरा. भरपगारी. नोटीस २३ ला संपते.

ऑफिसात गेले, आत घेत नाहीत. सरांना फोन केला. दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या त्यांनी. आगाऊ.

६ ऑक्टोबर

पहिल्या पानाच्या वर मी स्वतःसाठी लाल पेनने लिहिलंय. मिनल, पप्पा २१ फेब्रुवारीला गेले. अग्नी रत्नाने दिला. तू केलंस ते सगळं आत आहे. वाच. मग जे उसवता येईल ते उसव.

आईला सांगितलं की त्या दिवसानंतर ही वही माझ्या हातात द्यायची, पहिल्या पानापासून वाचायला लावायची. काही झालं तरी. आई सीट कव्हरला दोरा घालत होती. म्हणाली की रत्नाचं तोंड एकदा पाहिलंय, पुन्हा तसं तोंड बघायला लावू नकोस.

वचन दे म्हटलं. दिलं नाही.

१० ऑक्टोबर

पाठ करते. फेब्रुवारी, एकवीस, बुधवार. दवाखान्याची खिडकी. पप्पांनी पाणी मागितलं, मी चमचा धरला, ते म्हणाले तू जेवलीस का. शेवटचं. हे माझ्याकडून जाणार. मला ते दुःख हवंय. माझं आहे ते —

१२ ऑक्टोबर, शनिवार

आईने पांढरी साडी काढून ठेवलीय, विहारात जायचं. गल्लीत सगळे पांढऱ्या कपड्यांत. ऊन चांगलं पडलंय.

रत्ना शेजारी बसलाय. हात धरून. मला म्हणाला, ताई, मी सांगेन तुला. आई नाही म्हणते. दोघांचं —

तू जेवलीस का. तू जेवलीस का. तू जे

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नवी नोकरी, नवी रोजनिशी. रोजनिशी म्हणजे अगदी नवी नाही, आईनेच दिली. पुढची बरीच पानं तिने सीट कव्हरच्या जाड दोऱ्याने एकत्र शिवून टाकली आहेत. वाळवी लागली होती म्हणे. शिवण अशी घट्ट की नखही जात नाही. मागची कोरी पानं मला पुष्कळ आहेत.

ऑफिस तळवड्याला, पावडर कोटिंगच्या शेडशेजारी. मालक येळवंडे सर. मुलाखतसुद्धा न घेता ठेवून घेतलं, आणि पहिल्याच दिवशी मोठं काम दिलं. दुसऱ्या एका कारखान्यासाठी नवा प्रकार वाढवायचा आहे. शेजारच्या टेबलावर रविराज नावाचा मुलगा आहे. तोही नवाच, मे महिन्यात लागलेला. चहा देणारे म्हातारेबुवा मात्र विचित्र. कप ठेवला आणि माझ्याकडे न बघताच निघून गेले. नाव विचारायचं राहिलं.

घरी रत्नाला बातमी सांगितली तर तो काही बोलायला गेला, आईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो उठून बाहेर गेला. भिंतीवर एक चौकोन उजळ दिसतोय, काहीतरी काढलंय तिथून. पप्पा गावाला गेलेत म्हणे, काकांकडे. न सांगता कसे गेले कोण जाणे. येताना कॅम्पातून त्यांच्यासाठी तिखट शेव आणली आहे, ती आता मऊ पडणार.

आई नको म्हणतेय, पण पहिल्या दिवसाची बातमी पप्पांना नाही सांगायची तर कुणाला. लावलाय फोन. रिंग जातेय. आई उठून कपाटाला पाठ लावून का उभी राहिली आहे? आणि रिंग तर तिच्या मागून, साड्यांच्या